थोरल्याला गाऊ द्या

घाऊक फुलबाजार गुडीमलकापूरला गेला, तरी डोहाळजेवणाची फुलांची वाडी म्हटली की हैदराबादच्या जुन्या मराठी माणसाला आधी जामबागच आठवतं. मोगऱ्याचे बाजूबंद, पाळणे, ओटी, सगळा थाट पोटातल्या बाळाचा. घरातल्या तीन वर्षांच्या थोरल्याची बोळवण मात्र ‘आता तू दादा होणार हं’ एवढ्यावर होते. (या वाक्यानं हरखलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही.) त्याला काम द्यावं, पोटातल्या बाळाला बडबडगीतं ऐकवण्याचं. अमेरिकेत १९८६ साली डीकॅस्पर आणि स्पेन्स यांनी गर्भवतींना शेवटच्या सहा आठवड्यांत एकच गोष्ट रोज मोठ्यानं वाचायला लावली. जन्मलेल्या बाळांनी चोखण्याच्या लयीतून तीच गोष्ट पसंत केली, आणि तीही परक्या बाईच्या आवाजात असली तरी! पोटात शब्द बोथट होऊन पोचतात, ठेका बराचसा शाबूत राहतो. आणि बडबडगीत म्हणजे तरी दुसरं काय? आईचा आवाज आतूनही पोचतो, म्हणून आईनं आणि थोरल्यानं मिळून गावं. इथली पोरं मराठीत सुरू करून तेलुगूत संपवतात, त्यावर आज्यांनी नाक मुरडू नये. चांदोबा दोन्हीकडे मामाच आहे. बाळ आल्यावर तेल लावताना, टाळूवर हात फिरताना गाण्याचा मान थोरल्याचाच ठेवावा. शब्द चुकले तर चुकू द्यावेत, बाळाची काही तक्रार नसते.