मुक्या वर्गाची सर्जनशीलता

‘सर्जनशील विचारातून भाषणकौशल्याचा विकास’ हे सूत्र मराठीच्या अध्यापनविचारात जवळजवळ निर्विवाद मानले जाते. परंतु त्यातील ‘सर्जनशीलता’ या शब्दात दोन भिन्न संकल्पनांची गल्लत झालेली आहे. गिल्फर्ड यांनी १९५० मध्ये मानसशास्त्रापुढे मांडलेली सर्जनशीलता व्यक्तिपरत्वे कमीअधिक असते आणि तिचे मापन करता येते. चॉम्स्की यांना अभिप्रेत असलेली सर्जनशीलता मात्र प्रत्येक भाषकाच्या ठायी असते. पूर्वी कधीही न ऐकलेले वाक्य प्रसंगानुरूप उच्चारण्याची ती क्षमता होय. पहिली संकल्पना स्वीकारली की विद्यार्थी उणा ठरतो व शिक्षकाने ती उणीव भरून काढावयाची असते. दुसरी स्वीकारली की प्रश्नच उलटतो. घरी, शेतावर, बाजारात अखंड बोलणारा विद्यार्थी वर्गातच मुका का होतो?

याचे उत्तर वर्गातील सत्तासंबंधांत शोधावे लागते. वऱ्हाडी वा अहिराणी बोलणाऱ्या मुलाचे वाक्य पुरे होण्याआधीच त्यातील ‘न’ आणि ‘ण’ दुरुस्त केले जातात, तेव्हा त्याचा विचारही अर्ध्यावर तुटतो. अशा मुलाला पुढे ‘तुम्ही पक्षी झालात तर’ असा विषय दिला, तर तो मार्गदर्शिकेतील ठराविक वाक्येच म्हणून दाखवणार. वक्तृत्वस्पर्धा हा याच वृत्तीचा कळस. तेथे श्रोत्याला प्रत्युत्तराचा अधिकार नसतो, म्हणून वक्त्यालाही आपला विचार तपासण्याची गरज भासत नाही.

मग प्रमाणभाषा शिकवूच नये काय, असा आक्षेप घेतला जाईल. ती अवश्य शिकवावी. परंतु बोलण्याची पूर्वअट म्हणून नव्हे. विचार आधी स्वतःच्या बोलीत पुरा व्हावा, मग त्याचे प्रमाण रूप घडावे. या क्रमात विद्यार्थ्याला प्रमाणभाषेची गरज आतून जाणवते.

मराठी गद्याची परंपराही हेच सुचविते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरांचे निरूपण अनेकदा शिष्यांच्या पृच्छेतून उलगडते. महदाइसेसारखी शिष्या पुनःपुन्हा प्रश्न करते, म्हणून विचार पुढे सरकतो. हाच ग्रंथ आज तयार टिपणांवरून अभ्यासून, एकही प्रश्न न विचारता पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण होता येते. याहून मोठी विडंबना कोणती?

महाराष्ट्र राज्याने २०२० मध्ये कायद्याने शाळांत मराठी सक्तीची केली. कायदा विषयाची सक्ती करू शकतो, संवादाची नव्हे. विद्यार्थ्याचा प्रश्न ऐकून शिक्षक स्वतःचे मत बदलण्यास तयार होत नाही, तोवर भाषणकौशल्याचे सारे उपक्रम पाठांतराचीच सुधारित आवृत्ती ठरतील.