पाठभेद आणि किंमत

जॅझचे रसिक परस्परांना आपली ताजी खरेदी सांगतात तेव्हा तीत काय असते? तबकडीवर छापलेला ब्लू नोटचा जुना पत्ता, शेवटच्या खाचेजवळ कोरलेली 'कान' नावाची खूण (नाव कान, काम डोळ्यांना!), वेष्टनाची अवस्था, आणि अर्थातच किंमत. वादकाने काय वाजवले याचा उल्लेख औषधालाही नसतो. याला रसिकता म्हणावयास आम्ही तयार नाही.

आवृत्तीभेद क्षुल्लक असतात, असे आमचे म्हणणे नाही. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची (१९५९) पहिली बाजू ध्वनिमुद्रण यंत्राच्या गतिदोषामुळे १९९२ च्या दुरुस्तीपर्यंत किंचित चढ्या स्वरात वाजत होती. येथे आवृत्ती सांगणे म्हणजे पाठभेद सांगणे होय. पण ज्ञानेश्वरीचा पाठ ठरवणारा अभ्यासक शेवटी ओवीकडे येतो. हे संग्राहक पोथीच्या कागदापाशीच थांबतात.

हँक मोब्ली घ्या. ब्लू नोटसाठी १९५७ साली मुद्रित झालेल्या त्याच्या १५६८ क्रमांकाच्या तबकडीची पहिली आवृत्ती आज हजारो डॉलरांना विकली जाते. मोब्ली १९८६ साली विपन्नावस्थेत वारला. जुन्या तबकड्यांच्या या व्यवहारातील पैसा वादकाकडे जात नाही, हे खरेदीदारांनाही ठाऊक आहे. मग निदान त्याच्या वादनाविषयी दोन वाक्ये? त्या गोलसर स्वराविषयी, लयीशी लपंडाव खेळणाऱ्या त्याच्या स्वरवाक्यांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. त्यासाठी तबकडी वाजवावी लागते. आणि सुई फिरली की खाच झिजते, म्हणून काहीजण ती वाजवतच नाहीत.