भरपाई पत्र्याची, तोटा किमतीचा

नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा किंवा अहमदपूरच्या आसपास मागून आलेल्या ट्रकने एखाद्या शिक्षकाच्या मोटारीला धडक दिली, सुदैवाने कोणास इजा झाली नाही आणि विमा कंपनीने दुरुस्तीचे बिल भागविले, म्हणजे प्रकरण मिटले असे आपण समजतो. वस्तुतः ते अर्धेच मिटलेले असते. पुढे गाडी विकावयास काढली की गिऱ्हाईक डिकी उघडून सांध्यावरचा नवा रंग न्याहाळते आणि भाव पाडून मागते. समजा, न ठोकलेल्या तशाच गाडीला सहा लाख मिळत असतील आणि हिला पाच. तर हा एक लाखाचा तोटा कोणी सोसावयाचा? आज तो पतपेढीचे हप्ते फेडणारा मालकच निमूटपणे सोसतो.

गिऱ्हाइकाची ही केवळ लहर नव्हे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखविले, की मालाची खोट विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असेल, तेथे घेणारा आपल्या संशयाची किंमत आधीच वळती करून घेतो. काम कितीही चोख झाले तरी पत्र्याआडचे दिसत नाही. (अपघात लपविणारा विक्रेता येथे सुटतो आणि खरे सांगणारा भुर्दंड भरतो, हे ओघानेच आले.)

स्वतःच्या विमा कंपनीकडे या घटीची मागणी करण्यात फारसा अर्थ नाही. प्रचलित पॉलिसीत घसारा व आनुषंगिक हानी स्पष्टपणे वगळलेली असते. करारच तसा असल्यावर रागावून काय उपयोग?

ज्याच्या हयगयीने अपघात झाला, त्याची गोष्ट मात्र निराळी. त्याच्याशी आपण कोणताही करार केलेला नसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६५ ने मृत्यू व इजा यांबरोबरच त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीचे दावेही अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सोपविले आहेत. नुकसान म्हणजे गॅरेजचे बिल, एवढाच अर्थ का घ्यावा? विमा कंपनीने दिलेली दुरुस्तीची रक्कम पुन्हा मागता येणार नाही, हे उघड आहे. मागावयाची ती उरलेली घट.

जर्मनीत न्यायालये अशी घट भरपाईत धरतात. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९७४ साली तत्त्व मान्य केले, परंतु घट पुराव्याने सिद्ध न झाल्यामुळे त्या मालकाच्या पदरी काही पडले नाही. आपल्याकडील मालकाने ध्यानात घ्यावयाचे ते हेच. अपघातानंतरची छायाचित्रे, दुरुस्तीचे तपशीलवार बिल, जुन्या गाड्यांच्या दोन-तीन व्यापाऱ्यांनी लेखी दिलेले भाव आणि जाणकार मूल्यमापकाचा अहवाल, एवढे हाती नसेल तर दावा तोंडीच राहील.

गाडी विकलीच नाही तर तोटा कसला, असा आक्षेप विमा कंपन्यांचे वकील घेतील. पण शेतातून कोणी चर खणला तर शेत विकेपर्यंत नुकसान झालेच नाही, असे आपण म्हणतो काय? खोटे दावे येतील ही भीती अधिक खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणून गाडीचे वय व दुरुस्तीचे स्वरूप पाहून घटीचे कोष्टक ठरविता येईल. दहा वर्षे वापरलेल्या गाडीच्या बंपरला पोचा आला, तर काहीच देऊ नये.

२०२२ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या दुरुस्तीने अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. तिच्याविरुद्ध याचिकाही झाल्या. त्यांचे काहीही होवो, घटीचा विचार गाडी विकावयास काढल्यावर करणाऱ्या मालकाला तोवर बहुधा उशीर झालेला असेल.