जुनी गाडी, दाट धुके आणि ब्रेकचा दिवा

जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर पावसाळ्यात ज्यांनी बाजार केले आहेत, त्यांना धुके म्हणजे काय ते सांगायला नको. गेल्या पावसाळ्यात मोखाड्याचा बाजार आटोपून आम्ही आमच्या जुन्या पद्मिनीने जव्हारला परतत होतो. एका वळणावर गुरे आडवी आली. आम्ही ब्रेक दाबला आणि मागून येणारी पिकअप सरळ डिकीवर आदळली. मागच्या सीटवर साड्यांच्या गठ्ठ्यांशेजारी बसलेल्या आमच्या माणसाचा खांदा निखळला. दीड महिना त्याला गठ्ठा उचलता आला नाही. पिकअपवाला म्हणाला, "शेठ, तुमचा ब्रेक लाइट लागलाच नाही." आम्ही त्याला चार शब्द सुनावले. रात्री मात्र मुलाला ब्रेकवर पाय ठेवायला सांगितला आणि स्वतः गाडीच्या मागे उभे राहिलो, तेव्हा मान खाली घालावी लागली. धक्क्यातून वाचलेला उजवा दिवा लागत होता. पण लागला काय आणि न लागला काय, वीस पावलांवरून फरक कळत नव्हता.

हेडलाइट मंद झाला की आपण दुसऱ्या दिवशी वायरमनकडे जातो, कारण तो आपल्याला दिसतो. ब्रेकचा दिवा मालक कधीच पाहत नाही. तो मागच्या माणसासाठी आहे, म्हणून वर्षानुवर्षे तसाच राहतो. मुंबईच्या टॅक्सीतून पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली, पण आमच्यासारख्यांच्या दारात ती अजून उभी आहे. आवडीने ठेवणारेही आहेत. हे नाव तिला १९७४ मध्ये मिळाले, घडण त्याहून जुनी, फियाट ११०० ची. त्या काळी रस्त्यावर वाहने थोडी आणि वेग बेताचा, म्हणून मागचे दिवे लहान असले तरी चालून गेले. आज मागून येते ती पिकअप किंवा लक्झरी बस.

आमचे मत असे की गाडी कितीही "ओरिजिनल" ठेवायची हौस असो, हा दिवा सुधारलाच पाहिजे. आणि सुधारणा नव्या बल्बपासून नव्हे, गंजापासून सुरू करावी.

जुन्या गाडीत दिव्याची परतीची वीज गाडीच्या पत्र्यातूनच जाते. आपल्याकडच्या पावसात होल्डर आणि पत्रा यांच्यामध्ये गंज धरतो आणि व्होल्टेज तिथेच गळते. हे गळणे दिसायला किरकोळ, पण साध्या फिलामेंट बल्बचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो. बारा व्होल्टच्या जागी १०.८ पोचले, म्हणजे दहा टक्के घट झाली, तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. आमच्या वायरमनने पॉलिश पेपरने होल्डर घासला, दोन्ही दिव्यांना अर्थिंगची वेगळी तार दिली आणि जुन्या बारीक वायरऐवजी रिले लावून बॅटरीपासून फ्यूजसह जाड वायर ओढली. मग काळवंडलेले रिफ्लेक्टर साफ करून चंदेरी रंग दिला, फिकी पडलेली लाल काच बदलली. बल्ब होता तोच, २१ वॅटचा; तरी गाडी ओळखू येईना. बऱ्याच जुन्या गाड्यांत ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच असतो. तो थकला की पाय जोरात दाबल्याशिवाय दिवा लागत नाही. तोही पाहून घ्यावा.

एक चूक आम्ही दुसऱ्याच्या गाडीत पाहिली. या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ५ वॅटचे रात्रीसाठी आणि २१ चे ब्रेकसाठी. उलटा बसू नये म्हणून त्याच्या दोन पिना खालीवर ठेवलेल्या असतात. कोणीतरी तो जबरदस्तीने उलटा बसवला होता. दिवा रात्रभर लखलखीत, आणि ब्रेक दाबला तरी त्यात काही वाढ नाही!

एलईडीचा आम्ही विरोध करत नाही. साध्या बल्बपेक्षा तो सेकंदाच्या पाचव्या भागाइतका लवकर पेटतो. ताशी ५० किलोमीटर वेगात तेवढ्या वेळात गाडी पावणेतीन मीटर पुढे जाते. पण लाल काचेमागे लालच एलईडी घ्यावा, पांढऱ्याच्या प्रकाशात लाल भाग कमी असतो. प्रकाश बाजूलाही फेकणारा हवा, नाहीतर रिफ्लेक्टर रिकामा राहतो. स्वस्त मालात रात्रीचा दिवा आणि ब्रेकचा दिवा जवळजवळ सारखेच तेजस्वी असतात. धुक्यात मागच्याला समजायला हवा तो बदल. दुकानातच दोन्ही लावून पाहा. लुकलुकणारे आणि निळे प्रकार तर दारात उभे करू नयेत. ब्रेकचा दिवा लाल आणि स्थिरच असला पाहिजे.

मागच्या काचेच्या आत उंचावर तिसरा दिवा लावावा, हे आमचे सर्वांत आग्रहाचे सांगणे. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. पत्र्याला भोक पाडायची गरज नाही, उद्या काढला तरी गाडी होती तशी. ओरिजिनलवाल्यांची तक्रार इथे उरत नाही. मात्र मागच्या सीटवर काचेपर्यंत गठ्ठे रचू नयेत. आम्ही तेच करत होतो. डिकी उघडी ठेवून दोरीने बांधलेला माल खालच्या दिव्यांवर लोंबतो. प्रवासी जीपच्या मागे लटकणारी माणसेही दिवा झाकतात. पावसात लाल चिखल काचेवर बसतो, तो फडक्याने पुसायला दोन मिनिटेही लागत नाहीत. आपण तर फडक्यांचेच व्यापारी.

सगळे मिळून आमचा खर्च दोन बऱ्यापैकी साड्यांच्या किमतीत बसला. आपल्या वायरमन भावांनाही विनंती आहे. जुनी गाडी हॉर्नसाठी आली तरी मागचा दिवा न सांगता तपासा, आणि त्याची मजुरी बिनधास्त मागा. नको म्हणणाऱ्या मालकाला एकदा गाडीच्या मागे उभे करा.

खांदा निखळलेला आमचा माणूस आता बरा आहे. बाजारी निघताना तोच मागे उभा राहतो. आम्ही ब्रेक दाबतो, तो "तिन्ही लागले" म्हणून ओरडतो, मग गाडी हलते.