शेगडी धुमसते का?

मैत्रिणींनो, भरताचं वांगं भाजायला, बाळंतिणीच्या शेकाला शेगडी अजूनही निघते. ती धुमसत बसली की आपण वारा घालून दमतो! पण हवा खालून कोळशांमधल्या फटींतूनच वर जाणार ना? चुरीने त्या फटी बुजतात. कोळसा दमट असला तर चुरी त्याला चिकटूनच बसते. म्हणून कोळसा आधी उन्हात टाकावा, मग चाळावा. खाली मोठे, खडबडीत तुकडे रचावेत. ते एकमेकांना घट्ट बिलगत नाहीत. निखाऱ्यावर चढलेली राख मधूनमधून झाडावी. (चुरी टाकू नका, शेणात कालवून गोळे वळा.)

आणि शेकताना दार-खिडकी उघडी हवीच. धुमसत्या कोळशातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. शेक झाला की शेगडी लगेच बाहेर. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर मुळीच नको.