मित्राचा दंड हा पुरावा नव्हे



आमच्या नायगावात नव्या वसाहती झाल्या आणि त्यांच्या पाठोपाठ व्यायामशाळाही आल्या. तेथे जाणारी मुले हटकून विचारतात, "सर, अमक्याने अंडी, केळी आणि डब्यातली प्रथिनांची भुकटी खाऊन सहा महिन्यांत शरीर कमावले. मीही तेच खातो, मग माझे नुसते पोटच का सुटते?" पुढचा प्रश्न हळू आवाजात येतो, "तो इंजेक्शन घेतो. मीही घ्यावे काय?" पहिल्याचे उत्तर नीट समजले तर दुसरा प्रश्न पडू नये.

ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शरीरालाही लागू आहे. खर्चाहून अधिक उष्मांक पोटात गेले, की ते साठणारच. परंतु किती आणि कोणत्या रूपात साठतील, हे प्रत्येक शरीर आपल्यापुरते ठरवते. कॅनडातील क्लॉड बूशार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना १०० दिवसांपैकी ८४ दिवस रोज १००० किलोकॅलरी जादा अन्न दिले. वजन सरासरी ८.१ किलोने वाढले. पण कोणाचे ४.३ किलोने, तर कोणाचे १३.३ किलोने! जुळ्या भावा-भावांत फरक थोडा होता, निरनिराळ्या जोड्यांत मात्र मोठा. आनुवंशिकतेचा वाटा येथे उघड दिसतो.

आता स्टेरॉइडकडे वळू. शालेंदर भसीन यांच्या गटाने १९९६ साली अमेरिकेत ४३ निरोगी पुरुषांवर प्रयोग केला. काहींना दहा आठवडे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक दर आठवड्यास ६०० मिलिग्रॅम दिले. औषध आणि व्यायाम दोन्ही असलेल्यांचे चरबीविरहित वजन सरासरी ६.१ किलोने वाढले. नुसता व्यायाम करणाऱ्यांचे सुमारे २ किलोने. औषधाने स्नायू वाढतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हा प्रयोग प्रौढांवर, मोजक्या मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि दहाच आठवडे झाला. शिवाय ६.१ ही सरासरी आहे. ती तुमच्या शरीराचे भाकीत नव्हे.

लाभ जसा माणसागणिक बदलतो, तशी हानीही बदलते. शरीराची स्वतःची संप्रेरकनिर्मिती मंदावते, वृषण आक्रसतात, रक्तातील उपयुक्त कोलेस्टेरॉल घटते. काही मुलांची छाती स्त्रियांसारखी वाढते, तर काहींची नाही. गोळ्यांच्या स्वरूपातील कित्येक स्टेरॉइडे यकृताला इजा करतात. वाढत्या वयात तर हाडांच्या टोकांशी असलेले वाढीचे पट्टे वेळेआधी मिटू शकतात आणि उंची कायमची खुंटते. मित्राला काही झाले नाही, एवढ्यावरून तुम्हाला होणार नाही असे म्हणणे म्हणजे एकाच वाचनावरून आलेख काढणे होय!

शिवाय परिणाम ज्याचे त्यालाच भोगावे लागतात. महाराष्ट्र केसरीचा किताब सलग तीन वेळा जिंकणारे नरसिंग यादव यांच्या नमुन्यात २०१६ साली मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड आढळले. अन्नात ते कोणीतरी मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते मानले नाही. रिओ ऑलिंपिक हुकले आणि चार वर्षांची बंदी आली.

मग करावे काय? स्वतःवरच सरळ साधा प्रयोग करावा. डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, परवडत असतील तर मासे. पुरेशी झोप आणि जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली व्यायाम. दर पंधरवड्यास वजन, कमरेचा घेर आणि दंडाचा घेर वहीत लिहावा. कमरेचा घेर दंडापेक्षा झपाट्याने वाढू लागला, तर खाणे थोडे कमी करावे.

शिक्षकांनाही एक विनंती. वर्गातील इच्छुक मुलांच्या अशा नोंदी, नावे न घालता, एकाच आलेखावर मांडा. रेषा किती निरनिराळ्या चढतात, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.