शेवटचे तीन आठवडे सराव आवरता घ्या

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली पहिल्यांदा आयर्नमॅन ७०.३ ही शर्यत झाली. तेव्हापासून पुणे, कोल्हापूर, नाशिक, नागपूरकडच्या कितीतरी घरांत तिचं वेड शिरलं आहे. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन ९० किलोमीटर सायकल मारायची आणि सायकल ठेवली की २१.१ किलोमीटर धावायचं. सगळं मिळून साडेआठ तासांच्या आत. उतरणाऱ्यांत व्यावसायिक खेळाडू थोडे. बाकीचे डॉक्टर, इंजिनियर, पोलीस, शिक्षक, दुकानदार. पहाटे साडेचारला उठून सराव करायचा आणि दहाला कामावर हजर व्हायचं, असं महिनोन् महिने काढलेली ही माणसं. हे लिहिणं त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही.

शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला येते. म्हणजे ऐन सरावाचे महिने पावसाळ्यात जातात. घाटात दरड, रस्त्यावर खड्डे, तलावाचं पाणी गढूळ. त्यात गणपती, नवरात्र, पाहुणेरावळे. कुणाचेच सगळे सराव वेळापत्रकाप्रमाणे होत नाहीत. मग शर्यत तीन आठवड्यांवर आली की मनात हिशोब सुरू होतो: चार लाँग राइड बुडाल्या, दोन लाँग रन राहिले, आता भरून काढू. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीवर येऊन थांबतं. भरून काढू नका. बुडालं ते बुडालं.

कारण साधं आहे. आज केलेल्या कष्टाच्या सरावाचा फायदा शरीरात उतरायला दहा ते चौदा दिवस लागतात. थकवा मात्र लगेच येतो आणि दिवसचे दिवस मुक्काम ठोकतो. शर्यतीच्या आठ दिवस आधी तुम्ही १२० किलोमीटर सायकल मारलीत, तर मिरामारला तुमच्यासोबत येईल तो त्या राइडचा थकवा. तिचा फायदा शर्यत संपल्यावर कधीतरी पोचेल.

सराव उतरवत नेण्याला धावणारे-पोहणारे टेपर म्हणतात. त्यावर भरपूर अभ्यास झाला आहे. २००७ साली बॉस्के आणि मुहिका या संशोधकांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. साधारण दोन आठवडे सरावाचं प्रमाण ४० ते ६० टक्क्यांनी घटवायचं, पण वेग आणि आठवड्यातले सरावाचे दिवस तेवढेच ठेवायचे, अशा टेपरचा फायदा सर्वांत जास्त दिसला. नेमकं इथेच लोक चुकतात. काहीजण टेपर म्हणून सगळंच बंद करतात, पाय गादीवर ठेवून बसतात, आणि शर्यतीच्या दिवशी अंग जड पडल्याची तक्रार करतात. काहीजण अंतर तेवढंच ठेवून वेग कमी करतात, त्यानेही थकवा उतरत नाही. कमी करायचं ते अंतर. वेग थोडा थोडा चाखत राहायचा.

आठवड्याला बारा तास सराव करणाऱ्याने हे असं बसवावं. तीन आठवडे उरले असताना शेवटची मोठी सायकल आणि तिला जोडून थोडं धावणं, म्हणजे शेवटचा मोठा ब्रिक. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी शेवटचा लांब पल्ल्याचा रन, सोळा-सतरा किलोमीटरचा. तो पूर्ण एकवीसचा करायची गरज नाही. पुढच्या आठवड्यात आठ-नऊ तास, त्याच्या पुढच्या आठवड्यात सहा. शर्यतीच्या आठवड्यात शर्यत सोडून तीन-चार तास पुरे. प्रत्येक सरावात दोन-चार मिनिटांचे तुकडे शर्यतीच्या वेगाने करा आणि घरी या. अजून करता आलं असतं असं वाटत असतानाच सराव थांबला पाहिजे.

या दिवसांत मन बंड करतं, त्याची तयारी ठेवा. गुडघ्यात कधी नव्हती ती कळ येते, जिना चढताना पाय ओढतात, झोपेत शर्यत चुकल्याची स्वप्नं पडतात, घरात कारण नसताना चिडचिड होते. वजनकाटा किलो-दीड किलो जास्त दाखवतो, आणि लोक घाबरून भात बंद करतात. तसं करू नका. सराव कमी झाला की स्नायूंमध्ये ग्लायकोजेनचा साठा वाढतो, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेन सोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. वाढलेलं वजन बहुतेक या शिदोरीचं असतं आणि शर्यतीत ते कामाला येतं.

मोकळा झालेला वेळ कशाने भरता, हेही महत्त्वाचं. दिवाळी जवळ असते. घरच्यांना वाटतं, आता याला वेळ आहे. मग माळ्यावरची भांडी काढणं, पंखे पुसणं, कपाटं सरकवणं सुरू होतं आणि कंबर धरते. घरच्यांना माझी विनंती आहे की हे तीन आठवडे याला शिडीवर चढवू नका. आणि सराव करणाऱ्यांना सांगणं असं की त्या वेळात घरच्यांसोबत बसा, मुलांचा अभ्यास घ्या, आईशी बोला. वर्षभर तुमचा डबा पहाटे कुणी भरला, हे लक्षात ठेवा. उरलेला वेळ झोपेला द्या. शर्यतीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, ते सगळ्यांचंच होतं आणि त्याने फारसं बिघडत नाही. त्याआधीच्या चार-पाच रात्री मात्र पुरेपूर झोपा.

आता खाण्यापिण्याकडे येतो, कारण तयारी चांगली असूनही माणसं कोलमडतात ती बहुतेक इथेच. पहिल्याच आयर्नमॅन शर्यतीत हे घडलं. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईत पंधराजण उतरले आणि बाराजणांनी शर्यत पुरी केली. जॉन डनबार हा नौदलातला कमांडो धावायला लागला तेव्हा सर्वांच्या पुढे होता. वाटेत त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. गॉर्डन हॅलर त्याच्या पुढे गेला आणि पहिला आला. दमसास असून भागत नाही, वाटेत पोटात काय जाणार हे आधी ठरलेलं लागतं.

तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत असं धरून चाला. तयार पोटाला ९० पर्यंतही झेपतात, पण पोटाला त्याचा सराव लागतो. जेल घेणार असाल तर शर्यतीत घ्यायचं त्याच कंपनीचं, त्याच चवीचं जेल शेवटच्या मोठ्या राइडवर घेऊन पाहा. चिक्की, खजूर, केळी, मीठ लावलेला उकडलेला बटाटा यांवरही ९० किलोमीटर उत्तम होतात. अट एकच, हँडल न सोडता एका हाताने उघडून खाता आलं पाहिजे. चिक्कीचे तुकडे घरीच करून सुट्या पिशवीत ठेवा. ओल्या हातांनी वेष्टण फाडणं जमत नाही.

घाम किती जातो, हे शेवटच्या तीन आठवड्यांत एकदा मोजा. तासाभराच्या राइडआधी अंगावर कपडे न ठेवता वजन करा, परत आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. समजा ७० किलोचे ६९.२ झाले आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यालात, तर घाम गेला १.३ लिटर. ऑक्टोबरच्या उन्हात आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत हा आकडा पुण्यापेक्षा मोठा येतो, म्हणून दोन-तीन दिवस आधी गोव्यात पोचता आलं तर पोचा. पण गेलेला सगळा घाम पाण्याने भरून काढायचा हट्टही नको. साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. तहान लागेल तसं प्या, पाण्यात मीठ किंवा इलेक्ट्रोलाइट असू द्या. शर्यत संपताना वजन सुरुवातीपेक्षा वाढलेलं असेल, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यालात.

आदल्या दीड-दोन दिवसांत किलोमागे आठ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं रोज घ्या. ६० किलोच्या माणसाला ती ४८० ग्रॅम होतात. वाटीभर शिजलेल्या भातात साधारण ४० ग्रॅम असतात आणि मध्यम केळ्यात २५, म्हणजे किती खायचं याचा अंदाज घ्या. मऊ भात, दहीभात, शिरा, पोहे, बटाटा, गूळ. उसळी, पालेभाज्या, कोशिंबिरी आदल्या दिवशी बंद, कारण चोथा पोटात घेऊन धावता येत नाही. आणि गोव्यात आहात म्हणून तिसऱ्या, खेकडे, सोलकढी आदल्या रात्री मागवू नका. शर्यत झाल्यावर भरपेट खा.

सायकलीची सर्व्हिसिंग दहा दिवस आधी उरका, आदल्या दिवशी नको. नवीन टायर, नवीन चेन बसवली तर तिच्यावर निदान शंभर किलोमीटर जाऊ द्या. गाडीच्या मागे बांधून किंवा खोक्यात घालून नेलेल्या सायकलीचा मागचा हँगर वाकतो आणि घाटात गिअर पडत नाहीत. म्हणून पणजीत पोचल्यावर सगळे गिअर टाकून पाहा. सायकल आदल्या दिवशी ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर ती उचलायच्या जागी, ठेवावी लागते. टायर तिथे दुपारभर उन्हात तापतात. तेव्हा हवा कमी ठेवा, पहाटे पुन्हा भरा. पंक्चर काढणं डोळे मिटून जमेपर्यंत घरी करा. बूट, चश्मा, पोहण्याचा पोशाख यांपैकी काहीही शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा अंगावर चढता कामा नये.

पोहण्याबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल. ट्रायथलॉनमध्ये जे मृत्यू होतात, त्यांतले बहुतेक पोहताना होतात, आणि त्यांत चाळिशीपुढचे पुरुष जास्त असतात. तलावात सरळ पट्टा पाहून पोहणाऱ्याला समुद्रात तळ दिसत नाही, बाजूच्याचा हात डोक्यावर बसतो, लाट तोंडात जाते. गोव्याचं पाणी कोमट असल्याने वेटसूटही नसतो, म्हणजे अंग तरंगायला मदत नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत निदान दोनदा समुद्रात किंवा मोठ्या तलावात पोहा. एकट्याने कधीही नाही. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊलही टाकू नका, पावसाळा संपला तरी प्रवाह ओसरायला वेळ लागतो. सात-आठ हातांनंतर डोळे जेमतेम पाण्यावर काढून बोया पाहायचा आणि त्याच दमात मान बाजूला वळवून श्वास घ्यायचा, हे शंभरदा करा. शर्यतीत छाती भरून आली तर पाठीवर या, हात वर करा, जवळच्या कयाकला धरा. कयाक पुढे न सरकता नुसता आधार घेतला तर शर्यतीतून बाद करत नाहीत. हा नियम ठाऊक नसल्याने माणसं घाबरून पोहत राहतात.

वेदनाशामक गोळीचंही सांगून ठेवतो. आदल्या रात्री किंवा सकाळी दुखू नये म्हणून आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेण्याची सवय बऱ्याचजणांत आहे. घाम वाहत असताना, पाणी कमी पडत असताना ही गोळी मूत्रपिंडावर घाव घालते. गोळी घेतल्याशिवाय धावता येणार नाही इतकं दुखत असेल, तर त्या दिवशी धावू नका.

आणि आजारपण. पावसाळा सरता सरता घरोघर ताप असतो, डेंग्यू असतो. नुसतं नाक वाहत असेल तर हलका सराव चालतो. ताप, अंगदुखी, छातीत कफ, धाप, धडधड यांतलं काहीही असेल तर सराव पूर्ण बंद करा आणि डॉक्टरकडे जा. तापात विषाणू हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचलेला असू शकतो, आणि तशा हृदयाला आठ तास जुंपलं तर ते बंद पडू शकतं. तरुण, धडधाकट माणसंही यात गेली आहेत. चाळिशी ओलांडली असेल आणि चढावर छाती दाटत असेल, तर हे तीन आठवडे संपण्याची वाट न बघता उद्याच तपासून घ्या.

प्रवेश शुल्क मोठं असतं, हॉटेल आधीच घेतलेलं असतं, ऑफिसात सगळ्यांना सांगून झालेलं असतं. तापातून उठलेला माणूस या तीन कारणांसाठी किनाऱ्यावर उभा राहतो. घरच्यांनी तेव्हा स्पष्ट बोलावं, मित्रांनी टाळ्या वाजवू नयेत. शर्यत पुढच्या वर्षीही असेल. ताप असेल तर पाण्यात उतरू नका.